बसायचे दिवस

मनुबाई बोलली ती काही वाईट मनानं बोलली नाही. तिचं बोलणंच तसं, मनात आलं की ओठावर. अलिबागेत त्या दोघींच्या परसांमध्ये एक कुडाचं कुंपण होतं, तेही गुडघ्याएवढं, त्यामुळे एकीच्या परसातलं दुसरीला दिसायचंच. मनुबाई आपली धुणी वाळत घालत होती. लुगड्याखाली, कुणाच्या नजरेस पडू नयेत अशा बेतानं, तिनं आपल्या बसायच्या दिवसांतली फडकी पसरली आणि सहज म्हणाली, "सगुणे, तुजं कापड कदी वालत घातलेलं दिसत न्हाय गो." सगुणानं हसल्यासारखं केलं. लुगड्याखालीच घालते मीपण, असं काहीसं पुटपुटली. मनुबाईचं तेवढ्यानं समाधान झालं, ती रिकामी बादली घेऊन घरात गेलीसुद्धा. सगुणा मात्र तिथेच उभी राहिली. हातातल्या तांब्यातलं पाणी पायावर सांडत होतं ते तिला कळलं नाही. खोटं बोलल्याचं तिला काही वाटलं नव्हतं. पण जे आपण स्वतःशीसुद्धा कधी बोललो नव्हतो ते आज परसात, उन्हात, दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आलं होतं. वाळत घालायला तिच्याजवळ काही नव्हतंच.

महिन्याच्या महिन्याला तिला कावळा शिवायचा, त्यात खंड नव्हता. सकाळी अंगावर जाऊ लागलं की ती सासूला सांगायची, चटई आणि तांब्या घेऊन मागच्या पडवीत जाऊन बसायची. संध्याकाळपर्यंत एखादा डाग, फार तर दोन. दुसऱ्या दिवशी उजाडलं की कापड कोरडं, जसं नेसलं तसं. तरी ती उठायची नाही. चौथ्या दिवसाचं न्हाणं होईपर्यंत पडवीत बसून राहायची, कारण बसायचे दिवस चार, हे ठरलेलं. किती जातं हे कुणी कुणाला विचारत नसे. किती दिवस बसली, एवढंच घराला ठाऊक. लग्नाच्या पहिल्या वर्षी तर तिला याची गंमतच वाटली होती. फुकटची विश्रांती कुणाला नको असते? जातं नाही, पाणी नाही, चूल नाही. सासू दारातून ताट पुढे सरकवायची, ही आरामात जेवायची आणि माडाच्या झावळ्यांचा आवाज ऐकत लोळायची. आपण सगळ्यांना फसवतोय या विचारानं तिला हसूही यायचं. मग कधीतरी ते हसू गेलं. केव्हा गेलं ते सांगता यायचं नाही. चैत्रात विहिरीचं पाणी खाली जातं, रोज बघणाऱ्याला कळत नाही, आणि एक दिवस घागर तळाला खणकन आपटते, तसं झालं. माहेरी असं नव्हतं. म्हसळ्याजवळच्या तिच्या गावात गोठ्याला लागून एक खोपी होती, तिथे ती, तिची आई आणि चुलत्या पाळीपाळीनं बसायच्या. कधी दोघी-तिघी एकदम आल्या तर तिथे नुसता हशा चालायचा. तिला पहिल्यांदा आलं तेव्हा आईनं तीळ, गूळ आणि सुकं खोबरं कुटून तिच्या हातावर ठेवलं होतं. तेव्हाची तिची कापडं ओढ्यावर धुताना पाणी लांबपर्यंत लाल जायचं आणि तिला त्याची किळस यायची. आता ती त्या लाल पाण्यासाठी झुरत होती. मूल नव्हतं, ते तर होतंच. पण मुलाच्याही आधी तिला हे हवं होतं, आपल्या आत काही वाहतंय याची खूण.

या पडवीत तिच्या आधी रंगू बसायची. रंगू म्हणजे सगुणाच्या नवऱ्याची, दत्तात्रेयची, पहिली बायको. ती तापानं गेली, एवढंच सगुणाला लग्न ठरताना सांगितलं होतं, आणि नंतर कुणी काही सांगितलं नाही. घरात तिचा फोटो नव्हता, तिचं लुगडं नव्हतं, तिचं नावही नव्हतं. पितृपक्षात एक पान वेगळं वाढलं जायचं, ते कुणाचं हे न बोलता. पण पडवीतली एक जागा होती, भिंतीशी, जिथे सोनूबाई, तिची सासू, बाकीच्या जमिनीपेक्षा जास्त वेळा शेण फिरवायची. सगुणानं ते पाहिलं होतं. सासू म्हातारी, कंबरेत वाकलेली, तरी त्या जागेवर हात फिरवायला सुनेला लावायची नाही. सगुणा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोरडीच तिथे पडून असायची तेव्हा तिला वाटायचं, आपण इथे एकट्या नाही. भुतंखेतं म्हणतात तसलं काही नाही. पांढरं लुगडं नाही की पैंजण नाही. फक्त असं वाटायचं की आपल्या वाट्याचं दुसरं कुणीतरी घेऊन जातंय. जेवताना शेजारचीनं न विचारता आपल्या ताटातलं उचलावं तसं. एकदा दुपारी ती भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली होती, तुझं तुला होतं ना, माझं का नेतेस? आणि मग भिऊन तोंडावर पदर दाबून बसली होती.

सासूनं एकदा जरी टोचून बोललं असतं तर बरं झालं असतं. सगळ्यांच्या सासवा बोलतात. मनुबाईला पहिला मुलगा होईपर्यंत तिच्या सासूनं दाराला तोरणसुद्धा बांधू दिलं नव्हतं. सोनूबाई कधी काही म्हणाली नाही. मूल कधी, का नाही, नवस कुठला, काही नाही. मुंबईहून नणंद आली आणि जेवताना म्हणाली की दादाचं आता बघायला पायजे, तर सोनूबाई तिच्यावरच खेकसली, की गप जेव. सगुणाला त्या चांगुलपणाची भीती वाटायची. आणि दत्तात्रेय? तो कोर्टात बेलीफ होता, समन्स घेऊन आज रेवस, उद्या कुठे, असा फिरत असायचा. घरी आला की पाय धुवायचा, जेवायचा आणि झोपायचा. पण दर महिन्याला ती न्हाऊन घरात आली की तो एकच विचारायचा, "बरी हायेस ना?" तिला पहिली काही वर्षं तो प्रश्न फार आवडायचा. इतर दिवशी तो हे कधी विचारत नाही, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिला त्यात काहीतरी खटकू लागलं. तो उत्तराची वाट बघायचा, डोळे तिच्या चेहऱ्यावर नाही तर तिच्या नखांवर ठेवून.

मनुबाईचं ते बोलणं आठवडाभर तिच्या डोक्यात घोळत राहिलं आणि शेवटी तिनं कुंपणापलीकडे जाऊन तिला एवढंच सांगितलं की आत काहीतरी बिघडलंय; एकच दिवस जातं, हे काही तिच्या तोंडून निघालं नाही. मनुबाईला ऐकून धक्का बसला नाही, ती फक्त एकदम कामाला लागली. बाजारामागच्या आळीत दयाराम वैद्य राहतात, हाताला गुण आहे, बायकांची दुखणी त्यांना बरोबर कळतात, चल. सासूला सांगितलं की मासळीबाजारात जातो. वैद्यांचं घर अंधारं होतं, ओवा आणि जुन्या गुळाचा वास येत होता, आणि वैद्य इतके म्हातारे की नाडीवर त्यांची बोटं आहेत की सुकी पानं ते कळू नये. त्यांनी विचारलं, किती दिवस? सगुणाची मान खालीच. मनुबाईनं तिच्या वतीनं ठणकावून सांगितलं, चार दिवस बसते, कधी चुकत न्हाय. वैद्य म्हणाले, मग उत्तम आहे, काही नाही, उगाच मनाला लावून घेते पोर. आणि त्यांनी हातही मागे घेतला. एवढ्यात सगळं संपणार होतं. ती उठून घरी जाणार होती, पुन्हा पडवीत बसणार होती, म्हातारी होईपर्यंत. त्या विचारानं तिच्या तोंडून शब्द बाहेर पडले, स्वतःलाच परके वाटावे असे.

"बसते चार दिवस. जातं एकच."

वैद्यांनी पुन्हा नाडी धरली. मग त्यांनी खाण्याचं विचारलं आणि सगुणा सांगत गेली. घरात कुळीथ येत नाही. तीळ संक्रांतीला देवापुढे ठेवण्यापुरते, तिच्या वाट्याला कणभर. सुकी मासळी नाही, गूळ नाही, पपई तर परसात लावलेली तोडून टाकली. सगळं उष्ण, असं सासू म्हणते. कोहळा, दुधी, ताक, पेज, शहाळं, हे मात्र पाहिजे तेवढं. आणि सकाळी उठल्याबरोबर तिचं ते वाटीभर. वैद्यांनी विचारलं, कसलं वाटीभर? तिनं सांगितलं की तांदळाचं धुवण असतं, त्यात दुर्वांचा रस, तळाशी तांबूस गाळ, जिभेवर तुरट लागतं. सुनेनं अंग थंड ठेवावं ही घराण्याची रीत आहे, लग्न झाल्यापासून सासू स्वतःच्या हातानं देते. वैद्यांनी तिचा हात खाली ठेवला. मग विचारलं, तू कुणाची? कोर्टातल्या दत्तात्रेयाची का? ती हो म्हणाली. ते म्हणाले, तळाशी सोनकाव आहे ती, गेरू. अंगावरचं थांबवायचं औषध आहे ते, बाय. मीच दिलेलं, तुझ्या आधीच्या सुनेला. अंगावरून जाऊन गेली ती पोर. मला बोलावलं तेव्हा काही उरलं नव्हतं; पंधरवडाभर लपवलं त्यांनी, लाजले असतील. मनुबाई तोंडावर हात ठेवून बसली. वैद्यांनी मग पथ्य सांगितलं, ते अगदी उलटं. वाटी बंद. काळे तीळ आणि जुना गूळ रोज, कुळथाचं कढण, उडीद, आंबट दही, मासे भरपूर, कोरफडीचं आसव जेवणानंतर. सुकलेल्या वाटेनं पाणी यायला वेळ लागतो, असंही म्हणाले. सगुणाला त्यातलं निम्मंच ऐकू आलं.

परतताना तिनं मनुबाईला पुढे पाठवलं आणि स्वतः किनाऱ्यावरून गेली. ओहोटी होती, किल्ल्यापर्यंत नुसती ओली वाळू. इतकी वर्षं ती मूल व्हावं म्हणून ती वाटी पीत आली होती. कुणी तसं सांगितलं नव्हतं, पण सासू एवढ्या मायेनं सकाळी सकाळी काय देणार, दुसरं? सासू समोर उभी राहायची, वाटी रिकामी होईपर्यंत हलायची नाही, आणि रिकामी झाली की सुनेच्या पाठीवरून हात फिरवायची. तो हात आता सगुणाच्या पाठीवर जळत होता. मेलेल्या बाईचं औषध. रंगूच्या आजाराचं औषध तिनं रंगूच्याच जागेवर बसून पचवलं होतं, जणू आजार मागे राहिला होता आणि औषधाला कुणीतरी अंग हवं होतं. तिला राग यायला हवा होता आणि तो येत नव्हता. नखांकडे बघणारा नवरा तिला आठवला. नखं पांढरी पडतायत का, एवढंच तो बघत होता. आपल्याला कुणी सून म्हणून, बायको म्हणून आणलंच नव्हतं, असं तिला वाटलं. रंगू जगली असती तर कशी जगली असती ते बघायला आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी समोर आली तेव्हा तिनं ती घेतली आणि खाली ठेवली. पिणार नाही म्हणाली. मी दयाराम वैद्यांकडे गेले होते, हेही सांगितलं. सोनूबाई चुलीशी उभी होती ती हळूहळू खाली बसली. सगुणानं तयारी ठेवली होती ती शिव्यांची. म्हातारी चुलीतल्या राखेकडे बघत बोलू लागली, आणि तिचा आवाज इतका साधा होता, भाताचा भाव सांगावा तसा.

"रंगूला पोर व्हावं म्हनून मीच खायला घातलं. तीळ, गूल, कुलीथ, जे जे उष्ण म्हनतात ते सगलं. येरवी रीत म्हनून कनभर द्यायचं ते मी दोन्ही हातांनी दिलं. मंग तिचं वाहाया लागलं ते थांबलंच न्हाय. मी इचारायची, बंद झालं का गो? ती म्हनायची, व्हय आत्या, झालं. म्या मानलं. आता तू सांग, तुजं थोडं जातं तर जाऊ दे की. जित्ती तर हायेस."

 सगुणाला एकदम म्हातारीची दया आली, आणि ती दया आली म्हणून स्वतःचा संताप आला. मला नुसतं जिवंत राहायचं नाही, मला जगायचंय, असं काहीतरी तिच्या मनात आलं. पण असली वाक्यं चुलीपुढे बोलता येत नाहीत. ती एवढंच म्हणाली की मी वैद्य सांगतील ते खाणार. सोनूबाईनं वाटी उचलली आणि परसात ओतून आली. त्या दिवसापासून तिनं ना होकार दिला ना नकार. सगुणा मनुबाईकडून तीळ कुटून आणायची, चुलीवर कुळीथ शिजवायची, आणि त्याचा वास सुटला की सासू घरातून उठून ओट्यावर जाऊन बसायची, भर उन्हातसुद्धा. दत्तात्रेय एकदा जेवताना ताटातल्या कुळथाकडे बघत राहिला, मग न जेवताच उठला. रात्री त्यानं तिच्याकडे पाठ केली. सगुणा गुळाचा खडा चघळत पडून राहायची आणि तिला वाटायचं, रंगूच्या तोंडातही हीच चव असेल. तिनंही असंच मोजून, आशेनं, एकेक घास खाल्ला असेल. पूर्वी पडवीतच भेटणारी रंगू आता ताटात आली होती. कधी कधी हात ताटातच थांबायचा. तरी ती खायची.

पावसाळा सरून भात कापायला आला तेव्हा तिला कावळा शिवला. संध्याकाळी कापड बदलावं लागलं. दुसऱ्या दिवशी उजाडलं आणि तिनं भीत भीत पाहिलं तर ते थांबलं नव्हतं. ती पडवीत स्वतःशीच हसली, तोंड दाबून, माहेरच्या खोपीत हसायची तशी. परसात तिनं फडकी धुतली आणि दगडावरून लाल पाणी गेलं, आणि ती ते जाताना बघत राहिली. ती लुगड्याखाली पसरत असताना मनुबाई कुंपणाशी आली, नुसते डोळे पुसून गेली. तिसऱ्या दिवशी आणखी गेलं. दुपारी उठताना तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. वैद्य म्हणाले होते की पहिल्यांदा जास्त जाईल, असं तिला आठवलं. मग ते खरंच म्हणाले होते की आपणच आता तसं जोडतोय, हे आठवेना. ती ज्याची वर्षानुवर्षं वाट बघत होती ते आलं होतं, आणि ती आता ते थांबायची वाट बघू लागली होती.

चौथ्या दिवशी सकाळी न्हाणीत पाणी तापल्याचा धूर पडवीत आला. सोनूबाई दारात आली. एरवी ती उंबऱ्याबाहेरूनच हाक मारायची. बसलेल्या बाईला शिवून मग आंघोळ कोण करत बसणार? आज ती उंबरा ओलांडून आत आली, सगुणाच्या शेजारी, त्या नेहमीच्या सारवलेल्या जागेवर बसली आणि तिनं तिचं मनगट हातात धरलं.  म्हातारीनं तीन रात्री डोळ्याला डोळा लावला नव्हता हे तिच्या तोंडावर दिसत होतं. ती म्हणाली, "बंद झालं का गो?"

सगुणाच्या ओठावर उत्तर तयार होतं. व्हय आत्या, झालं. एवढं म्हटलं की हा हात सैल पडणार होता. म्हातारी उठून चुलीकडे जाणार होती, दोन घास खाणार होती, झोपणार होती. किती सोपं होतं ते. आणि ते इतकं सोपं आहे हे कळलं तेव्हाच सगुणाला रंगू कळली. लाज नव्हती ती. वैद्यांना काय ठाऊक, त्यांना वाटलं लाजले. रंगूलाही हाच हात धरून कुणीतरी विचारलं होतं, याच डोळ्यांनी, आणि तिला बघवलं नव्हतं. एका म्हाताऱ्या बाईला रात्रीची झोप मिळावी म्हणून ती रोज खोटं बोलली, आणि रोज बोलताना तिलाही वाटलं असेल, उद्या थांबेलच. सगुणाला रंगूचा अतोनात राग आला, सख्ख्या बहिणीचा यावा तसा. अगं वेडे, असं तिला भिंतीकडे तोंड करून म्हणावंसं वाटलं. अगं वेडे.

"न्हाय आत्या," ती म्हणाली. "अजून जातंय. लय जातंय. वैद्यांना बोलवा."

सोनूबाईनं तिच्याकडे बघितलं.  सगुणाला वाटलं आता ही इथेच कोसळणार. पण म्हातारी भिंतीला हात लावून उठली, पदर खोचला, आणि विटाळ झालेली तशीच, न न्हाता, ओट्यावरून खाली उतरून बाजाराच्या वाटेला लागली. वाटेत कुणाला तरी तिचा धक्का लागला असावा. पडवीतनं येऊन शिवलीस की गो, असं कुणीतरी ओरडलेलं ऐकू आलं. ती थांबली नाही. तिची पावलं वाजेनाशी झाली. न्हाणीतलं पाणी उकळून उकळून आटत होतं आणि ते उतरवायला कुणी नव्हतं. सगुणा कूस वळून भिंतीकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच रंगू तिथे नव्हती, पडवीत ती एकटी होती, आणि तिला त्याचीही भीती वाटली.